ऑलिम्पिकची वारी आणि घरातले मैदान

लॉस एंजेलिसचे ऑलिम्पिक १४ जुलै २०२८ रोजी सुरू व्हायचे आहे. पण आमच्या परिचयातील दोन-तीन घरांत त्याची आखणी आतापासूनच चालू झाली आहे. मुले मार्गी लागलेली, निवृत्तिवेतन बरे, गुडघे अजून साथ देणारे, अशा वयात उभयतांनी एकदा तरी ऑलिम्पिक पाहून यावे, ही इच्छा आता मध्यमवर्गात नवलाईची राहिलेली नाही. १९०० नंतर प्रथमच क्रिकेट ऑलिम्पिकमध्ये परतणार असल्याने जाणाऱ्यांची संख्या वाढेल, हे सांगायला ज्योतिषी नको. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकला आम्ही दोघे जाऊन आलो, हे ठाऊक असल्याने ही मंडळी माहिती विचारायला येतात. व्हिसा किती दिवसांत मिळतो, उतरायचे कुठे, शाकाहारी जेवणाचे काय, हे प्रश्न ठरलेले. तिथे जाऊन पाहायचे काय, असे मात्र अजून एकानेही विचारलेले नाही.

आम्ही निघण्यापूर्वी प्रभात शाखेतील एका ज्येष्ठ स्वयंसेवकांनी मला सरळ विचारले होते, ‘‘हा चंगळवाद नव्हे काय?’’ उभयतांचा खर्च सहा लाखांच्या घरात जाणार होता. तेवढ्या रकमेत वनवासी वसतिगृहातील काही विद्यार्थ्यांचे वर्ष निघाले असते, हे त्यांना म्हणायचे होते आणि त्यात चूक काहीच नव्हते. मी उत्तर दिले ते चतुराईचे होते. म्हणालो, ‘‘आपले आजी-आजोबा जोडीने काशीला जात, आम्ही पॅरिसला निघालो आहोत. तेही खर्चिकच होते.’’ ते हसले आणि म्हणाले, ‘‘काशीला गेलेला माणूस आवडीची एखादी वस्तू तिथे सोडून येतो आणि तो नियम जन्मभर पाळतो. तुम्ही काय सोडून येणार?’’ त्याला मजजवळ उत्तर नव्हते. तो प्रश्न मी व्हिसाच्या कागदपत्रांबरोबर घेऊनच विमानात बसलो.

प्रवासाच्या तयारीविषयी थोडक्यात सांगतो. शेंगेन व्हिसाचे शुल्क तेव्हा माणशी ९० युरो होते, तीस हजार युरोंचा आरोग्यविमा आवश्यक होता आणि बोटांचे ठसे द्यायला दोघांना स्वतः जावे लागले. स्पर्धेची तिकिटे एकाच अधिकृत संकेतस्थळावर मिळत आणि ती भ्रमणध्वनीवरच येत, कागद नाही. स्वस्तातली तिकिटे २४ युरोंपासून होती. एरवी सव्वादोन युरोंच्या आत असलेले मेट्रोचे तिकीट स्पर्धाकाळात चार युरो केले होते. हिने भाजणी, मेतकूट आणि भडंग भरून घेतले होते, त्यामुळे पोटाची चिंता नव्हती. उद्घाटन सोहळ्यातील ज्या दृश्यावरून ख्रिस्ती समाज दुखावला गेला आणि संयोजकांना क्षमा मागावी लागली, तो प्रकार आम्ही घरीच दूरदर्शन संचावर पाहिला होता. दुसऱ्याच्या श्रद्धेची टवाळी म्हणजे प्रगल्भता, हा समज आपल्याकडेही पुष्कळ वर्षे मिरवत आला आहे. असो.

पहिली चूक आमच्या हातून १ ऑगस्टला घडली. त्या सकाळी साडेनऊला आम्ही लूव्र संग्रहालयात मोनालिसाकडे सरकणाऱ्या गर्दीत उभे होतो. नेमक्या त्याच वेळी पॅरिसच्या दक्षिणेला अडीचशेहून अधिक किलोमीटरवर शातोरू येथे राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्सच्या अंतिम फेरीत उभा होता. ४५१.४ गुण मिळवून त्याने कांस्यपदक जिंकले. १९५२ च्या हेलसिंकीनंतर, म्हणजे बहात्तर वर्षांनी, महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेले हे दुसरे वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. आम्हाला ते दुपारी बागेत बसून भडंग खाताना पुण्याहून आलेल्या संदेशाने कळले. नेमबाजी पॅरिसमध्ये नाही, शातोरूला आहे, एवढेदेखील आम्ही पाहून ठेवले नव्हते. सात हजार किलोमीटर दूर जाऊनही आपल्या घरच्या मुलाचे पदक आम्हाला पुण्यातूनच समजावे, याची लाज दोघांनाही वाटली. मोनालिसा, हेही सांगून टाकतो, काचेआड आणि माणसांआड असते.

त्या संध्याकाळी खाशाबांची आठवण निघणे अपरिहार्य होते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हेलसिंकीला गेले ते कोणाच्या पैशावर? कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले, लोकांनी वर्गणी काढली, आणि पदक घेऊन परतल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवून कर्ज फेडले. त्याच्याही आधी, १९२० मध्ये अँटवर्पला जे पथक गेले त्यामागे पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचा पुढाकार आणि दोराबजी टाटांचे द्रव्य होते. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिनला जाऊन आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. तेव्हा खेळाडूला समुद्रापार पाठविण्यासाठी एखाद्याचे घर गहाण पडत होते. आज प्रेक्षक म्हणून जाण्यासाठी आमच्यासारख्यांना मुदतठेव मोडली की पुरते. यात समाजाची समृद्धी आहे आणि तिचा मला अभिमान आहे. पण ती समृद्धी आपण प्रेक्षागारातील खुर्चीवरच खर्च करीत आहोत की काय, ही शंका तिथून माझ्या मनात शिरली.

ऑलिम्पिकच्या नगरीत भारताने प्रथमच उभारलेले ‘इंडिया हाउस’ ला व्हिलेत उद्यानात होते. ते नाव वाचताच लंडनचे श्यामजी कृष्ण वर्मांचे भारतभवन आठवले, आणि मग मार्सेलिसला न जाता परतणे आम्हाला शक्य नव्हते. नौकानयनाच्या शर्यती त्याच बंदरावर होत्या. विष्णू सरवणन आणि नेत्रा कुमनन हे आपले दोघे खेळाडू तिथे उतरले होते, त्यामुळे जायला दुहेरी निमित्त मिळाले. शर्यतीतले काठावरून फारसे कळत नाही. पांढरी शिडे दूर पाण्यावर सरकताना दिसतात, एवढेच. आम्ही दोघे बांधावर बसून होतो. ८ जुलै १९१० ला मोरिया बोटीच्या गवाक्षातून सत्तावीस वर्षांच्या सावरकरांनी याच पाण्यात उडी घेतली होती. (२०२५ च्या फेब्रुवारीत पंतप्रधान मोदी मार्सेलिसला गेले तेव्हा त्यांनी या उडीचे स्मरण केले आणि तिथे भारताचा वाणिज्य दूतावासही उघडला गेला. आम्ही गेलो तेव्हा हे घडायचे होते.) त्या उडीबद्दल आपण शाळेत, बौद्धिकात, व्याख्यानमालेत शेकडो वेळा ऐकतो आणि ऐकताना नेहमी धैर्याचाच विचार करतो. मी तसेच काहीतरी बोलू लागलो होतो. ही मध्येच म्हणाली, ‘‘धैर्य खरेच. पण अहो, पोहता येत होते ना, म्हणून उडी मारता आली.’’

मग थोड्या वेळाने म्हणाली, ‘‘आपण तिचे पोहणे बंद केले.’’

आमची मुलगी नववीत असताना जिल्ह्याच्या जलतरण स्पर्धेत दुसरी आली होती. पुढचे वर्ष दहावीचे. तलावाचा पास संपला आणि आम्ही तो पुन्हा काढला नाही. एवढीच हकीकत. भांडण झाले नाही, रडारड झाली नाही. रात्री जेवणे आटोपल्यावर स्वयंपाकघरात आम्ही दोघांनी तीन-चार वाक्यांत ते ठरविले आणि सकाळी तिला सांगितले. तिने मान डोलावली. पुढे ती सनदी लेखापाल झाली, संसारात सुखी आहे; त्यामुळे आमचा निर्णय योग्य होता, असे समजायला सगळा पुरावा आमच्या बाजूने होता. वीस-बावीस वर्षांत आम्ही त्यावर एक अक्षर बोललो नव्हतो. ते बोलणे मार्सेलिसच्या बांधावर निघाले.

हिचा स्वतःचा अनुभव तर आणखी जुना. समितीच्या शाखेत आणि पुढे महाविद्यालयात ही खो-खो खेळत असे, विद्यापीठाच्या संघापर्यंत पोचली होती. लग्न ठरले आणि खेळ सुटला. कोणी सोडायला सांगितले नाही, कोणी खेळ म्हणूनही सांगितले नाही. मीही त्या न सांगणाऱ्यांतलाच.

८ ऑगस्टची दोन तिकिटे आम्ही कित्येक महिने आधी काढली होती. दुपारी कोलोंब येथे पुरुषांच्या हॉकीचा कांस्यपदकाचा सामना, रात्री सेंट डेनिसच्या स्टेड द फ्रान्सवर भालाफेकीची अंतिम फेरी. तिकिटे काढताना हॉकीत त्या दिवशी कोण उतरणार हे कोणालाच ठाऊक नव्हते. ६ तारखेला उपांत्य सामन्यात जर्मनीकडून आपण ३-२ असे हरलो आणि आमचे तिकीट भारताच्या सामन्याचे झाले. आनंद मानावा की दुःख, अशी चमत्कारिक अवस्था. त्यातच ७ तारखेला विनेश फोगट अवघ्या शंभर ग्रॅमने अपात्र ठरली होती. मेट्रोत भेटणारा प्रत्येक भारतीय चेहरा सुतक असल्यासारखा दिसत होता.

कोलोंबचे मैदान १९२४ च्या ऑलिम्पिकचे मुख्य मैदान. शंभर वर्षांनी तिथे हॉकी ठेवली होती. स्पेनने आधी गोल केला. मध्यंतराला काही क्षण उरले असताना हरमनप्रीतने बरोबरी साधली आणि विश्रांतीनंतर लगेच दुसरा गोल केला. त्यानंतर जवळजवळ अर्धा तास आमचे प्राण गोलरक्षक श्रीजेशच्या हातात होते. तो त्याचा अखेरचा आंतरराष्ट्रीय सामना होता. २-१ ने आपण जिंकलो, १९६८ आणि १९७२ नंतर प्रथमच लागोपाठच्या दोन ऑलिम्पिकमध्ये हॉकीचे पदक मिळाले, आणि हरमनप्रीतने श्रीजेशला खांद्यावर घेतले. आमच्या भोवती ढोल वाजत होता, पंजाबी, मल्याळी, गुजराती सगळे एकमेकांना मिठ्या मारीत होते. कोणी कोणाला प्रांत विचारला नाही. ही मात्र खाली बसून राहिली होती. श्रीजेशच्या वडिलांनी त्याला गोलरक्षकाचे साहित्य घेऊन देण्यासाठी गाय विकली होती, ही गोष्ट तिने कुठेतरी वाचली होती. ‘‘केरळातला साधा शेतकरी,’’ ती म्हणाली, ‘‘त्याच्या घरीही रात्री स्वयंपाकघरात दोघे बोलले असतील.’’

रात्री आम्ही अगदी वरच्या मजल्यावर होतो. तिथून भाला फेकणारे काडीएवढे दिसत. नीरज चोप्राच्या सहांपैकी पाच फेकी बाद झाल्या. एकच ग्राह्य धरली गेली, ८९.४५ मीटरची, आणि त्या एकीने रौप्यपदक दिले. पाकिस्तानच्या अर्शद नदीमने ९२.९७ मीटरचा ऑलिम्पिक विक्रम करून सुवर्ण नेले. प्रामाणिकपणे सांगायचे तर तो भाला जमिनीत रुतला तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला. त्यानंतर काही वेळातच खांद्रा गावातून नीरजच्या मातोश्री म्हणाल्या की, सुवर्ण जिंकणाराही आपलाच मुलगा आहे. आपल्यातील काहींना ते बोलणे रुचले नाही, आणि पुढे २०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगाम घडल्यावर अशा बोलण्याकडे पाहण्याची सर्वांचीच नजर बदलली, हे मी नाकारीत नाही. पण त्या माउलीला तो अधिकार आहे, असे मला वाटते. वजन वाढलेल्या मुलाला काकांनी पानिपतच्या मैदानावर धाडावे आणि संयुक्त शेतकरी कुटुंबाने काटकसर करून त्याच्या हातात भाला द्यावा, हे ज्या घरात घडले त्या घराला खेळाविषयी बोलण्याचा हक्क आमच्यासारख्या वरच्या मजल्यावरील लोकांपेक्षा अधिक आहे. पानिपत हे नाव मराठी कानाला फार वर्षे एकाच अर्थाने लागत होते. या मुलाने त्याला दुसरा अर्थ दिला.

आता आपल्याच लोकांविषयी एक तक्रार. भालाफेक चालू असतानाच दोनशे मीटरची अंतिम शर्यत झाली. बोत्स्वानाचा लेत्सिले तेबोगो जिंकला. त्या देशाचे ते पहिलेवहिले ऑलिम्पिक सुवर्ण. लोकसंख्या पंचवीस लाखांच्या आसपास, पुण्याहूनही कमी. त्याची आई तीनच महिन्यांपूर्वी वारली होती आणि तिची जन्मतारीख बुटावर लिहून तो धावला. आमच्या ओळीतील बहुतेक भारतीय त्या वेळी भ्रमणध्वनीवर स्वतःचे छायाचित्र घेत होते. पुढे चारशे मीटर अडथळ्यांत अमेरिकेच्या सिडनी मॅक्लॉफ्लिनने ५०.३७ सेकंदांचा विश्वविक्रम केला, तीही बाब कित्येकांच्या लक्षात आली नाही. नीरजचे काय झाले एवढे कळताच ओळी रिकाम्या होऊ लागल्या. एवढे द्रव्य, एवढा प्रवास, आणि पाहायचे फक्त आपले एक पदक! ज्याला खेळ कळतो तो दुसऱ्याच्या पराक्रमालाही उठून उभा राहतो. आपल्याकडे तालमीत प्रतिस्पर्ध्याचा डाव चांगला बसला तर वस्ताद दाद देत असत. ती रीत आपण कुठे हरवली?

तिचे कारण मला असे दिसते की, आपल्या घरांत खेळ निकालापुरता उरला आहे. मुलगा-मुलगी खेळते तोवर कौतुक, आणि नववी संपली की पूर्णविराम. पॅरिसला आपले ११७ खेळाडू गेले आणि सहा पदके आली. मग वृत्तपत्रांतून क्रीडासंघटनांवर, राजकारणावर, सुविधांवर चर्चा झाली. ती व्हायलाच हवी. शासनाने गेल्या काही वर्षांत पुष्कळ केले आहे. खेलो इंडियाची केंद्रे उभी राहिली, निवडक खेळाडूंना परदेशी प्रशिक्षण मिळू लागले. २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाल्या आहेत आणि २०३६ च्या ऑलिम्पिकसाठीही भारताने दावा केला आहे. मैदाने बांधली जातील, यात शंका नाही. पण २०३६ मध्ये तिथे जी मुले उतरायची ती आज आठवी-नववीत आहेत, आणि त्यांनी खेळत राहायचे की नाही हे दिल्लीत ठरत नाही. ते रात्री, जेवणे झाल्यावर, नवरा-बायको ठरवितात. शाखेत आम्ही रोज तासभर खेळलो, शरीर हे धर्मसाधन आहे हे आम्हाला पाठ आहे, विवेकानंदांनी युवकांना फुटबॉलच्या मैदानाकडे धाडले हेही आम्ही भाषणात सांगतो. आणि आमच्याच घरात पास पुन्हा काढला जात नाही. मी दुसऱ्या कोणाला दोष देत नाही, माझेच सांगतो आहे.

म्हणूनच ऑलिम्पिकला जाणाऱ्यांना मी जाऊ नका असे सांगत नाही. अवश्य जा आणि जोडीनेच जा. एकटा पुरुष मित्रांबरोबर गेला तर तो सहल करून येतो, चार गप्पा आणतो. निर्णय घेणारे दोघेही शेजारी शेजारी बसून ते पाहतील तेव्हाच घरात काही हलेल. समारोपाच्या आतषबाजीपेक्षा सकाळच्या पात्रता फेऱ्यांची तिकिटे काढा. ती स्वस्तही असतात आणि आपली बरीचशी मुले तिथेच, ओळखीचा आवाज कानावर न येता खेळत असतात. कोणता खेळ कोणत्या गावी आहे ते आधी पाहा. आमच्यासारखे मोनालिसासमोर अडकू नका.

परतल्यावर आमचेही लगेच सगळे सुधारले, असे नाही. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. पुरुष आणि महिला दोन्ही संघ अंतिम सामन्यात नेपाळला हरवून जगज्जेते झाले. दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. ज्या खेळात हिची तरुणपणाची चार वर्षे गेली त्या खेळाचा पहिला विश्वचषक आपल्याच देशात, रेल्वेने एका रात्रीच्या अंतरावर होता, आणि पॅरिसला जाणारे आम्ही दिल्लीला गेलो नाही. थंडी फार असते, असे कारण आम्ही एकमेकांना दिले. अंतिम सामना घरी पाहताना ही खुर्चीच्या कडेला येऊन बसली होती आणि पाठलाग करणारी मुलगी खांबाला वळसा घालताना हिचा उजवा खांदा आपोआप खाली जात होता. चहा निवून गेला.

त्यानंतर मे महिन्यात मुलीचा फोन आला. नात जूनमध्ये नववीत जाणार होती, तीही पोहते. आतापासून शिकवणी लावावी, पोहणे दोन वर्षे थांबवावे, असा तिचा आणि जावयांचा विचार चालला होता. आई-बाबांना विचारावे म्हणून फोन केला होता. मी वर्तमानपत्र खाली ठेवले. शाखेतल्या त्या ज्येष्ठांचा काशीचा प्रश्न मला त्या क्षणी आठवला. हिने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, ‘‘तलाव सकाळी किती वाजता उघडतो गं?’’

साडेपाचला उघडतो. जूनपासून पाचच्या ठोक्याला आमच्या स्वयंपाकघरात दिवा लागतो. ही नातीला घेऊन जाते, आणि मी माझी शाखा आटोपून परतीच्या वेळी ओला टॉवेल आणायला तलावावर जातो.